युद्धाच्या काळात सरकारचं बोलणं आणि बिल शेजारी शेजारी कसं मांडायचं

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातली अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते, पण त्या तीन-चार दिवसांत पुस्तकं बाजूलाच होती, सगळे मोबाईलवर बातम्या बघत बसलेले. एका पोरानं मध्येच विचारलं, एवढ्या घाईघाईत खरेद्या होत असतील तर त्याचा हिशोब नंतर कोण बघतं? झालं, चार जण त्याच्या अंगावरच गेले. "तिकडं जवान जीव द्यायलेत अन तू इथं बसून हिशोब मागायलास?" त्या पोराचा सख्खा भाऊ लष्करात आहे हे बोलणाऱ्यांना माहीत होतं तरी बोलले. कोपऱ्यात आमचे सुभेदार काका बसले होते, चोवीस वर्षं नोकरी करून आलेले, ते एवढंच म्हणले की हिशोब मागितल्यानं आमचं काही बिघडलं नाही कधी, बूट वेळेवर नाही आले तेव्हा बिघडलं.

त्या रात्रीपासून आम्ही एक वही सुरू केली. वर्ष होऊन गेलं, चुका करत करत एक पद्धत बसली आहे, तीच इथं लिहितो. कुणालाही जमेल, तालुक्याच्या गावात बसूनसुद्धा. मोबाईल, एक जाड फुलस्केप वही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि भरपूर चिकाटी, बास.

आधी एका वाक्याची तयारी करून ठेवा, कारण ते वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागणार आहे. "आत्ता ही वेळ नाही." याच्यावर चिडू नका, भांडू नका, उदाहरणं सांगा, आणि ती पाठ असू द्या. १९६२ ला चीनशी युद्ध चालू होतं, सीमेवर माघार चालली होती, आणि तरुण वाजपेयींसह विरोधकांनी अधिवेशन लवकर घ्या म्हणून मागणी केली तर नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरलाच बोलावलं. बैठक गुप्त घ्या अशी सूचना आली होती ती नेहरूंनी मानली नाही, उघड चर्चा झाली, सरकारवर सरकारच्या तोंडावर टीका झाली, आणि युद्धबंदी तर २१ नोव्हेंबरला झाली. त्याच्याही आधी कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे आपण शाळेपासून ऐकतो, पण तो सह्याद्री गेला तो भर युद्धात प्रश्न विचारले गेले म्हणून, हे कुणी सांगत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. मार्च १९४१ मध्ये हॅरी ट्रुमन नावाच्या सिनेटरनं युद्धखर्च तपासायची समिती काढली, सुरुवातीला फक्त १५ हजार डॉलर मिळाले. हा माणूस त्याआधी स्वतःची गाडी घेऊन लष्करी छावण्यांची बांधकामं बघत फिरला होता, कुठं लाकूड वाया चाललंय, कुठं ठेकेदार जास्त लावतोय. आणि सरकार कुणाचं होतं? त्याच्याच पक्षाचं. समिती पूर्ण महायुद्धभर चालली, अब्जावधी डॉलर वाचले असा अंदाज आहे आणि त्यामुळं अमेरिका युद्ध हरली नाही. तिसरं उदाहरण तर आपलंच. आज ज्या सीबीआयचं नाव रोज ऐकतो तिचं मूळ १९४१ मधलं आहे, इंग्रज सरकारनं युद्धाच्या पुरवठा खात्यात लाचखोरी फार झाली म्हणून युद्ध चालू असतानाच स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट नावाची यंत्रणा उभी केली, तिचीच पुढं १९६३ ला सीबीआय झाली. म्हणजे परक्या सरकारलासुद्धा कळत होतं की युद्धात चोरी वाढते आणि ती युद्धातच पकडावी लागते.

आता वही. आडवी धरा आणि तीन रकाने आखा. पहिला "बोलले काय", दुसरा "दिलं कुणाला", तिसरा "पुढं काय झालं". आम्ही सुरुवातीला दोनच रकाने केले होते, तिसरा नंतर घातला, आणि खरं सांगतो, सगळ्यात महत्त्वाचा तोच निघाला. त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

पहिल्या रकान्यात भाषणाचा सारांश लिहायचा नाही, शब्द जसेच्या तसे लिहायचे. तारीख, ठिकाण, कोण, कशात बोलले. लोकसभेतलं असेल तर संसदेच्या साईटवर चर्चेचा शब्दशः मजकूर मिळतो, मंत्रालयाचं असेल तर पीआयबीवर, म्हणजे केंद्राच्या प्रसिद्धी खात्याच्या साईटवर, प्रेसनोट असते. रीलवरून लिहू नका, कापलेली असते. आणि प्रत्येक भाषणात एक गोष्ट शोधा, ती म्हणजे त्याग करायला कुणाला सांगितलंय. युद्धातलं सरकार कायम त्याग मागतं आणि त्यात गैर काही नाही, १९६५ ला शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं तर लोकांनी मनापासून सोडलं. पण लगेच त्याच्या शेजारी लिहा की सूट कुणाला मिळाली. दुटप्पीपणा ओळखायचा आम्हाला सापडलेला सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे, त्याग कुणाच्या नावावर आणि सूट कुणाच्या नावावर.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, आजीकडून कळलं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही निजामाच्या राज्यात लेव्ही होती, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यानं ठरलेलं धान्य सरकारला ठरलेल्या भावात घालायचंच. आजी सांगायची की लेव्हीवाले दारात आले की घरातली ज्वारी मोजून न्यायचे, लेकरांपुरतं ठेवा म्हणलं तरी ऐकायचे नाहीत, आणि गावातल्या मोठ्या वाड्यातली बळदं भरलेली असायची तिकडं कुणी फिरकायचं नाही, कारण यादी करणारे आणि वाड्यात बसणारे एकाच सतरंजीवरचे. तेलंगणातही तेच, लहान शेतकऱ्याकडून सक्तीनं वसुली आणि जमीनदार देशमुखांना मोकळीक, तिथल्या शेतकरी उठावामागं जी कारणं होती त्यात लेव्ही हे एक मोठं कारण. निजाम मात्र त्याच काळात इंग्रजांच्या युद्धाला मोठमोठ्या रकमा देत होता, रॉयल एअर फोर्सच्या तुकड्यांना हैदराबादचं नाव होतं. आमच्या वहीचं पहिलं पान लेव्हीचंच आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धातही हेच दिसतं आणि दोन्ही बाजूंना दिसतं. उत्तरेत १८६३ च्या कायद्यानं ३०० डॉलर भरले की सैन्यभरतीतून सुटका, आणि दक्षिणेत १८६२ ला नियम केला की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्या माणसाला सूट. ज्यांच्या गुलामांसाठी युद्ध त्यांनाच घरी बसायची परवानगी. लोक तेव्हाच म्हणायला लागले की युद्ध श्रीमंताचं आणि मरण गरिबाचं.

दुसरा रकाना भरायला वेळ लागतो. इथं तीनच प्रश्न धरा. माल कुणाकडून घेतला, टेंडर काढून घेतला की थेट दिला, आणि माल पोचला कधी. भावाचा प्रश्न चौथा, पण त्याला एक अट आहे आणि ती अट आम्ही अंड्यावरून शिकलो.

जानेवारी २०२३, युक्रेन. रशियाचे बॉम्ब पडतायत, सगळं जग युक्रेनच्या बाजूनं बोलतंय, अशा वेळी युरी निकोलोव्ह नावाच्या पत्रकारानं सैन्याच्या जेवणाचा करार छापला. त्यात एका अंड्याचा भाव होता १७ रिव्निया (तिकडचं चलन), आणि कीव्हच्या दुकानात अंडं मिळत होतं ७ च्या आसपास. एवढंच. त्यानं क्षेपणास्त्राचा भाव नाही तपासला, अंड्याचा तपासला, कारण अंड्याचा भाव घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतो आणि घाऊक घेतल्यावर तो कमी व्हायला पाहिजे हेही माहीत असतं. मंत्रालयानं खुलासा केला की तांत्रिक चूक आहे, नगाचा आणि किलोचा घोळ झाला. लोकांनी तो मानला नाही, उपसंरक्षणमंत्र्यानं राजीनामा दिला, पुढं सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री बदलला, आणि सैन्याच्या जेवणाचे भाव जाहीर करायची कायद्यात सोय झाली. युद्ध थांबलं नव्हतं, थांबायची वाटही बघितली नाही.

तर अट ही की ज्या वस्तूचा भाव आपल्या बाजारात कळतो तिच्यापासूनच सुरुवात करा. आपण लातूर-उदगीर पट्ट्यातली माणसं, तूरडाळीचा भाव आपल्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. अडतीवर रोज सौदा निघतो, बाजार समितीचा भाव मोबाईलवर येतो. ब्लँकेट, बूट, ताडपत्री, सोलर दिवा, पाण्याची टाकी, डिझेल, असल्या वस्तू घ्या. कुठल्याही सरकारी खरेदीचा कागद हातात आला तर पहिल्यांदा असल्या ओळी शोधा, तारीख बघा, त्या महिन्याचा घाऊक भाव शेजारी लिहा, वाहतूक आणि जीएसटी धरा, प्रत म्हणजे क्वालिटी काय मागितली होती ती वाचा, आणि मगच बोला. प्रत न वाचता भाव लावला तर तुम्ही तोंडावर पडाल, आमचं एकदा झालंय असं. साध्या ताडपत्रीचा भाव लावून बसलो आणि कागदात जाड वॉटरप्रूफ लिहिलेली होती.

घाईची खरेदी हा वेगळा विषय आहे, त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त लपवाछपवी इथंच होते आणि सगळ्यात जास्त खोटे आरोपही इथंच होतात. युद्धात टेंडर काढून तीन महिने थांबता येत नाही हे खरं आहे, मान्य करा. थेट खरेदी झाली म्हणजे चोरी झाली असं नाही. मग पकडायचं कसं? तारखेनं. घाई आहे म्हणून नियम बाजूला ठेवले असतील तर माल घाईतच यायला पाहिजे. कारगिलच्या खरेदीवर कॅगनं, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्या संस्थेनं, डिसेंबर २००१ मध्ये जो अहवाल दिला त्यातलं मुख्य बोट याच्यावरच होतं की तातडीची म्हणून केलेल्या खरेदीतला बहुतेक माल जुलै १९९९ ला लढाई संपल्यावर आला. ज्या पोरांसाठी घेतला त्यांच्या अंगावर तो पडलाच नाही. हे वाचल्यावर सुभेदार काका कितीतरी वेळ गप्प बसले होते.

आणि घाईचं कारण दाखवून काम कुणाला गेलं तेही बघा. २००३ ला इराकच्या तेलविहिरींचं काम अमेरिकेत स्पर्धा न घेता हॅलिबर्टनच्या उपकंपनीला मिळालं, आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी २००० पर्यंत त्याच हॅलिबर्टनचे प्रमुख होते. आर्मी इंजिनिअर कोअरमधल्या बनॅटिन ग्रीनहाऊस या बाईंनी याच्यावर कागदावर आक्षेप लिहिला, २००५ मध्ये त्यांचं पद खाली आणलं. असं काही दिसलं की आक्षेप लिहिणाऱ्याचं काय झालं हे आवर्जून नोंदवा, करारापेक्षा कधीकधी ते जास्त सांगून जातं.

पुढारी आणि ठेकेदार यांच्यातलं नातं शोधताना मात्र हात आवरा. हे मी कळवळून सांगतोय. आपल्याकडं देशमुख, पाटील, जाधव, शिंदे, चव्हाण गावागणिक आहेत, आडनाव जुळलं म्हणून पाहुणा होत नाही. आडनावावरून स्टेटस टाकून एखाद्या बिचाऱ्या दुकानदाराला बदनाम केलं तर आपल्यात आणि खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्यात फरक काय राहिला. नातं तीन ठिकाणी कागदावर दिसतं. निवडणुकीचं शपथपत्र, ते आयोगाच्या साईटवर फुकट मिळतं, त्यात उमेदवाराची, नवरा-बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, शेअर, कर्ज असतं. कंपनी मंत्रालयाच्या साईटवर कंपनीचे डायरेक्टर आणि त्यांच्या नेमणुकीच्या तारखा. आणि देणग्या, पक्षांचे वार्षिक देणगी अहवाल, शिवाय सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४ ला इलेक्टोरल बाँड रद्द केले तेव्हा मार्चमध्ये बाहेर आलेल्या याद्या. यातल्या दोन ठिकाणी एकच माणूस सापडला आणि तारखा जुळल्या तर वहीत लिहा, आणि लिहितानाही "असं दिसतं" एवढंच लिहा. देणगी दिली आणि नंतर काम मिळालं, हा पुरावा नाही, हा प्रश्न आहे.

कागदावर नातं कसं दिसतं त्याचे दोन नमुने देतो, म्हणजे डोळ्याला सवय होईल.

एक आपल्याच घरचा. १९४७-४८ चं हैदराबाद संस्थान, भारताशी जैसे थे करार केलेला, बाहेर रझाकारांचा धुमाकूळ, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. सरकारचे पंतप्रधान लायक अली, मूळचे उद्योगपती, आणि अर्थखातं कुणाकडं तर त्यांचे मेहुणे मोईन नवाज जंग यांच्याकडं. पहिल्या रकान्यात प्रजेच्या आणि राज्याच्या रक्षणाची भाषा. दुसऱ्या रकान्यात पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज, आणि सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत आलं तेव्हा लंडनच्या बँकेतले १० लाख ७ हजार ९४० पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यावर वळते झाले, त्यात याच मोईन नवाज जंग यांचा हात. निजामानं आठवड्याभरात कळवलं की माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत करा. आता तिसरा रकाना बघा, निकाल लागला ऑक्टोबर २०१९ मध्ये, लंडनच्या हायकोर्टात, ७१ वर्षांनी, रक्कम वाढून साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली, आणि ती भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं गेली. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, भाषणं ऐकतो, पण ही खात्यांची गोष्ट एकाही भाषणात मी ऐकलेली नाही आणि पोरांना ती सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरा नमुना १९४३ चा बंगाल. जपानी सैन्य ब्रह्मदेशात, तिथला तांदूळ बंद, आणि बंगालच्या प्रांतिक सरकारनं तांदूळ खरेदीचं काम इस्पहानी कंपनीला एजंट नेमून दिलं, ज्या घराण्याचं मुस्लिम लीगशी जवळचं नातं होतं आणि लीगच तेव्हा सत्तेत. विधिमंडळात त्याच्यावर आरडाओरड झाली. भूक वाढत गेली, लाखो लोक मेले, सरकारी चौकशी आयोगानं मृत्यूचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांपर्यंत. भाताच्या व्यापारात त्या वर्षी झालेला जादा नफा आयोगानं १५० कोटी रुपये धरला. भागून बघा, एका मेलेल्या माणसामागं हजार रुपये. मी हा हिशोब अभ्यासिकेच्या फळ्यावर केला होता, त्या दिवशी पोरांनी तो पुसला नाही.

आता माहिती अधिकार. बरेच जण इथं चुकतात आणि मग म्हणतात आरटीआयला अर्थ नाही. चूक अशी की लोक "का" विचारतात. कारण विचारू नका, कागद मागा. "अमुक खरेदी महाग का केली" याला उत्तर येणार नाही. "अमुक तारखेच्या पुरवठा आदेशाची प्रत, माल मिळाल्याच्या नोंदीची प्रत आणि बिलाची प्रत द्यावी" याला उत्तर द्यावं लागतं. केंद्राचा अर्ज ऑनलाईन जातो, दहा रुपये. राज्याचा असेल तर महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत पुढं पाठवायचा असतो, कलम ६(३), हे अर्जाच्या खाली लिहूनच टाका.

संरक्षणाचा विषय असला की कलम ८(१)(अ) दाखवून नाही म्हणतात, देशाच्या सुरक्षेचं कलम. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. कुठल्या तुकडीकडं किती काय आहे, कुठं आहे, हे आपण मागायचंच नाही, आपल्याला त्याची गरजच नाही. पण कलम १० सांगतं की गोपनीय भाग झाकून उरलेला द्या, आणि कलम ८(२) सांगतं की लोकहित जास्त वजनाचं असेल तर सूट असलेली माहितीसुद्धा देता येते. अपिलात ही दोन कलमं लिहा. उत्तराला तीस दिवस, उत्तर मिळाल्यावर किंवा मुदत संपल्यावर पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत. राज्याच्या विषयाचं दुसरं अपील आपल्याला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं, केंद्राचं दिल्लीला.

पण मी म्हणेन दिल्लीपासून सुरुवात करूच नका. जिल्ह्यापासून करा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून चालू आहे, शाळेत आपण सगळ्यांनी ते छोटे झेंडे विकत घेतलेत, कार्यालयांना निधीचं उद्दिष्ट दिलेलं असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला अर्ज करा, मागच्या तीन वर्षांत जिल्ह्यातून किती जमा झाले, माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या किती अर्जांवर मदत मंजूर झाली, किती प्रलंबित आहेत, यादीतली नावं झाकून प्रत द्या. आमचा पहिला अर्ज हाच होता. यात कुणाला पकडायचा हेतू नव्हता, सवय लागते, आणि गावातल्या एखाद्या काकूंचा अडकलेला अर्जही सुटतो. अर्ज लिहायच्या आधी गावातल्या माजी सैनिकांना, त्यांच्या घरच्यांना विचारा, त्यांना काय कमी पडतं ते त्यांच्या तोंडून ऐका. आपण त्यांच्या नावानं ओरडायचं आणि त्यांनाच विचारायचं नाही हा सुद्धा दुटप्पीपणाच आहे.

कॅगचे अहवाल साईटवर मिळतात, संरक्षणाचे सगळेच पूर्ण टाकत नाहीत, तरी जेवढे आहेत तेवढे पुरतात. पहिल्या पानापासून वाचू नका, थोडक्यात सारांश दिलेला असतो तो वाचा, मग परिच्छेदाचा नंबर घेऊन आत जा, आणि खात्यानं दिलेलं उत्तर न चुकता वाचा. दोन्ही बाजू वहीत आल्या पाहिजेत.

आता तो तिसरा रकाना, पुढं काय झालं. हा नसेल तर वही म्हणजे फक्त आरोपांची यादी होते. उदाहरण घ्या शवपेट्यांचं. कारगिलनंतर अमेरिकेतून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या शवपेट्यांवर २००१ ला संसद डोक्यावर घेतली, तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना काय काय म्हणलं गेलं. अनेकांना तेवढंच आठवतं. पण पुढं सीबीआयच्या तपासात त्यांच्याविरुद्ध काही निघालं नाही आणि २०१३ ला कोर्टानं आरोपी लष्करी अधिकाऱ्यांनाही आरोपमुक्त केलं. हेही लिहायचं. जे त्यांना चोर म्हणत होते त्यांच्या पक्षाच्या, म्हणजे काँग्रेसच्या, काळातलं १९४८ चं जीप प्रकरणही त्याच पानावर लिहायचं. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून ८० लाखांच्या आसपासचा जीपचा सौदा, पोचल्या १५५, त्याही चालवण्याजोग्या नाहीत, सौदा करणारे हायकमिशनर कृष्ण मेनन. सप्टेंबर १९५५ ला सरकारनं प्रकरण बंद केलं, फेब्रुवारी १९५६ ला मेनन केंद्रात मंत्री, १९५७ ला संरक्षणमंत्री. आणि १९६२ ला काय झालं ते वर आलंच आहे.

आणि आपल्या मराठवाड्याचं म्हणून आदर्श. मुंबईच्या कुलाब्यातली ३१ मजली इमारत, कारगिलच्या वीरपत्नींच्या नावाची जागा लाटली असं देशभर गाजलं, नोव्हेंबर २०१० ला नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्रीपदावरून गेले. नंतर चौकशी आयोगानं २०१२ ला सांगितलं की जमीन राज्य सरकारचीच होती आणि कारगिलच्या सैनिकांसाठी राखीव नव्हती, पण त्याच आयोगाला अपात्र सभासद आणि बेनामी फ्लॅटही सापडले. चव्हाणांवर खटल्याची परवानगी हायकोर्टानं डिसेंबर २०१७ ला रद्द केली, दोष सिद्ध झालेला नाही. फेब्रुवारी २०२४ च्या ८ तारखेला केंद्राच्या श्वेतपत्रिकेत आधीच्या सरकारच्या घोटाळ्यांत आदर्शचं नाव होतं आणि १३ तारखेला चव्हाण भाजपमध्ये गेले, लगोलग राज्यसभेवर. हे पान वाचताना आमच्याकडं दोन्ही पक्षांची पोरं बसलेली असतात आणि दोघांनाही त्रास होतो. होऊ द्या. वही कुठल्या पक्षाची आहे असं कुणी विचारलं की हेच पान उघडून दाखवतो.

युक्रेनचं पानही पुढं चालू आहे. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेचे पंख छाटणारा कायदा आला, युद्धात लोक रस्त्यावर उतरले आणि तो काही दिवसांत मागं घ्यावा लागला, आणि त्याच यंत्रणेनं नोव्हेंबरमध्ये सरकारी अणुऊर्जा कंपनीतला दहा कोटी डॉलरचा मामला बाहेर काढला ज्यात झेलेन्स्कींचा जुना धंद्यातला भागीदार आला, दोन मंत्री गेले. समोर रशियातही उपसंरक्षणमंत्री राहिलेल्या तिमूर इवानोव्हला जुलै २०२५ ला १३ वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही देशांच्या नोंदी एकाच पानावर ठेवा आणि कुणी प्रश्न विचारले, कुणाला विचारू दिले, हे बघा.

व्हॉट्सॲपवरचं काहीही वहीत थेट घेऊ नका, आपल्या बाजूचं असलं तरी. निजामानं १९६५ ला देशाला ५ टन सोनं दान दिलं हा मेसेज आपल्याकडं दरवर्षी फिरतो. कागद काय सांगतो, त्यानं १९६५ ला ४२५ किलो सोनं राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. दान आणि गुंतवणूक यात फरक आहे, ५ टन आणि ४२५ किलोत तर आहेच. हा मेसेज पाठवणाऱ्या मामांना आम्ही ग्रुपवर खोटं नाही पाडलं, त्यांना अभ्यासिकेत बोलावून चहा पाजला आणि दाखवलं, आता ते स्वतः दुसऱ्यांना सांगतात.

काय लिहायचं नाही तेही ठरवून घ्या. सैन्याची हालचाल, गाड्यांचे फोटो, सुट्टी रद्द होऊन कुणाचा पोरगा कुठल्या स्टेशनवरून गेला, यातलं एक अक्षर वहीत नाही, मोबाईलवर नाही. कुणा अधिकाऱ्याच्या घरच्या माणसांचं नाव नाही. वही अभ्यासिकेतच राहते, प्रत्येक पानाचा फोटो तिघांच्या मोबाईलमध्ये असतो, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठ्यानं वाचन होतं. एखादी नोंद चूक निघाली तर खोडायची नाही, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. आमच्या वहीत आजपर्यंत अकरा दुरुस्त्या आहेत, त्यातल्या चार माझ्या.

ध्वजदिनाच्या अर्जाला उत्तर आलं ते अठ्ठेचाळीसाव्या दिवशी, अर्धवट. जमा रक्कम दिली, प्रलंबित अर्जांचा आकडा दिला नाही. पहिलं अपील टाकलंय. अर्ज त्याच पोरानं लिहिला होता ज्यानं पहिल्या रात्री प्रश्न विचारला, सुनावणीला तो आणि सुभेदार काका दोघं जाणार आहेत.